राष्ट्रपती चहा घेत नाहीत

तांबडमाळ स्वतंत्र झाला त्याची दखल दिल्लीनं घेतली नाही, मुंबईनं घेतली नाही, आणि खरं सांगायचं तर जामखेडच्या एस.टी. स्टँडवरच्या भेळवाल्यानंही घेतली नाही. तांबडमाळाला त्याचं काय! कित्येक वर्षं ही वाडी निंबसांगवीच्या गट ग्रामपंचायतीत नुसती नावाला होती. पाण्याचा व्हॉल्व्ह सांगवीकरांच्या हातात, दाखल्यांचे शिक्के सांगवीकरांच्या कपाटात. रस्त्यावरचे दिवे आधी सांगवीत लागायचे आणि उरले तर इकडे यायचे. आठवड्यातून कधीतरी एकदा नळाला पाणी आलं की बायका हंडे घेऊन पळायच्या, आणि पळता पळता सांगवीचा उद्धार करायच्या. अखेर सरकारचा कागद आला आणि वाडीला स्वतःची ग्रामपंचायत मिळाली. पोरांनी डीजे लावला, गुलाल उधळला. कुणीतरी शिवेवरच्या दगडावर ऑइलपेंटनं लिहून टाकलं, 'स्वतंत्र तांबडमाळ आपले स्वागत करीत आहे.'

स्वातंत्र्य तर मिळालं, पण आता राज्य कोणी करायचं? इथं घोडं अडलं. वरच्या आळीच्या पुंजारामला सरपंच व्हायचं होतं आणि मळ्यातल्या गोरक्षनाथालाही व्हायचं होतं. त्याहून जास्त म्हणजे, एकाला दुसरा होऊ द्यायचा नव्हता. महिनाभर वाडीत सुखानं कुणी जेवलं नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात रंगनाथरावांचं नाव आलं. भीमनगरातले रंगनाथराव, भागुजीचा मुलगा, नुकतेच न्यायाधीश म्हणून निवृत्त होऊन आईच्या माघारी बंद पडलेल्या घरी राहायला आलेले. जन्मभर बाहेर राहिलेला माणूस. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पुंजाराम म्हणाला, चालेल. गोरक्षनाथ म्हणाला, पळेल. झालं, रंगनाथराव बिनविरोध निवडून आले.

कोर्टातून उठून थेट एका नव्या स्वतंत्र मुलखाच्या गादीवर! पारावरच्या पोरांनी त्यांचं नाव 'राष्ट्रपती' ठेवलं. ते नाव फिरत फिरत रंगनाथरावांच्या कानावर गेलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बायकोला म्हणाले, "राष्ट्रपतींना आज भाजी कोणती?" भारतीताईंच्या हातातली पळी तशीच राहिली. त्यांच्या मोजणीनं हा नवऱ्याचा मोठाच विनोद होता.

पण या राष्ट्रपतींचं एक विचित्र होतं. ते कुणाच्या घरी चहा घेत नसत.

समाजमंदिरात पंचायतीचा कारभार सुरू झाला त्या दिवशी पुंजारामनं स्वतःच्या हातानं कपबशी पुढे केली. चार माणसं बघत होती. रंगनाथरावांनी हात जोडले आणि म्हणाले, "नको, मी घेत नाही." पुंजाराम कपबशी घेऊन तसाच उभा. मग त्यानं ती गोरक्षनाथाला दिली, आणि गोरक्षनाथ ती मिटक्या मारत प्याला, हे पुंजारामला जास्त लागलं. बरं, घेत नाहीत म्हणावं तर भीमनगरातल्या बायकांना पक्कं ठाऊक, की राष्ट्रपती घरात आलं घालून दोन्ही वेळा घेतात. मग बाहेर का नाही? डेअरीवर, पारावर, गिरणीत याच विषयावर चर्चा. वरची आळी म्हणाली, जुना हिशोब चुकता करतोय. भीमनगर म्हणालं, मोठा झालाय, आता आपल्या दारात कशाला वाकेल? कारण भीमनगरातही ते कुणाकडे घेत नव्हते. या बाबतीत त्यांचा न्याय सगळ्यांना सारखा होता.

भारतीताईंना कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "सवय हो, दुसरं काय!" आणि त्यांना स्वतःलाही तसंच वाटत होतं.

सवय कसली, ते ज्यानं कोर्टाच्या बंगल्यात दिवस काढलेत त्यालाच कळेल. रंगनाथरावांचे वडील सालगडी, आई चांगुणाबाई रोजगार हमीवर खडी फोडायची. पोरगा सांगवीच्या शाळेत पायी गेला, नगरला बोर्डिंगात राहिला, वकील झाला, जामखेडच्या कोर्टात एका वकिलाच्या हाताखाली उभा राहिला आणि परीक्षा देऊन न्यायाधीश झाला. चांगुणाबाईंनी एवढंच विचारलं होतं, "म्हंजी तू फौजदाराच्या वरचा का खालचा?" "वरचा." "मग बास."

मग लग्न झालं. भारतीताई नगरातल्या शिक्षकाची मुलगी, बोलकी, माणसांची हौस असलेली. आणि पदरात पडला हा मौनी. कोर्टात काय झालं ते घरी बोलायचं नाही. लग्नाला जायचं नाही, बारशाला जायचं नाही. कुठल्या मांडवात कोण पक्षकार निघेल सांगता येत नाही. श्रीरामपूरला असताना शेजारी मार्थाताई म्हणून होत्या. भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जायच्या, दोघी एकमेकींच्या भाजीत मीठ चाखायच्या. एके वर्षी मार्थाताईंच्या भावाचं जमिनीचं प्रकरण रंगनाथरावांच्या कोर्टात लागलं. त्या नाताळला करंज्या आणि केकचं ताट आलं, आणि रंगनाथरावांनी ते शिपायाकरवी परत पाठवलं. भारतीताई रडल्या, भांडल्या. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ हरला तर तिची करंजी वाया गेली म्हणेल. जिंकला तर लोक म्हणतील, निकाल करंजीवर झाला." बोलणं खरंच होतं, म्हणून तर भारतीताईंना जास्त राग आला. भिंतीवरून वाटी पुन्हा आली नाही.

बदल्या होत राहिल्या, शेजार बदलत राहिले, आणि भारतीताई एकच दिवस धरून बसल्या. निवृत्त झाल्यावर गावी जायचं आणि घराघरांत जाऊन मनसोक्त बसायचं. तशा त्या बसूही लागल्या. रंगनाथरावांची चुलतबहीण छबूबाई, सगळ्यांची छबूअक्का, दोन घरं टाकून राहायची. तिच्या ओट्यावर भारतीताईंची दुपार जायची. नवरा मात्र अजून त्या बंगल्यातच राहत होता, फक्त बंगला तेवढा नव्हता.

सरपंचकीही ते तशीच चालवत. सकाळी कुणी दारात येऊन "साहेब, जरा एक सांगायचं हुतं" म्हणालं, की हे विचारत, "दुसरी बाजू कुठं आहे?" एकट्याचं ऐकायचं नाही. "सोमवारी दोघं मिळून या." सोमवारी दोघं आले की दोघांचं ऐकून घेणार, मान हलवणार आणि पुढची तारीख देणार! गटाराच्या भांडणाला तारीख, उकिरड्याला तारीख. लोकांना सुरुवातीला गंमत वाटली. एकदा मात्र त्यांनी निकाल दिला. गोरक्षनाथानं बोळात बांधलेला गुरांचा हौद काढायला लावला. निकाल बरोबर होता, हे गोरक्षनाथाची बायकोसुद्धा म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर गोरक्षनाथ दुधाची किटली घेऊन पुढ्यात उभा! रंगनाथराव गोंधळले. कोर्टात हरलेला माणूस पुन्हा दिसत नसे. आणि दिसायची वेळ यायच्या आत बदली होई. इथं हरलेला माणूस "राम राम राष्ट्रपती" म्हणून दुधाच्या रांगेत उभा होता. घरी आल्यावर भारतीताईंनी विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही. इथं बदली नाही."

असं सगळं चाललं होतं आणि तेवढ्यात टाकी आली.

म्हणजे टाकी मंजूर झाली. तांबडमाळाची स्वतःची पाण्याची टाकी, घरोघर नळ, व्हॉल्व्ह आपल्या हातात. इंजिनिअर आला, दुर्बीण लावून वाडीभर हिंडला आणि म्हणाला, जागा एकच आहे, वरच्या आळीच्या मागचं टेकाड. तिथून पाणी आपोआप सगळ्या घरांत उतरेल. टेकाड पुंजारामच्या घरचं. जागा मार्चअखेरपर्यंत पंचायतीच्या नावावर झाली नाही तर मंजुरी जाणार आणि वाडी पुन्हा सांगवीच्या नळाला जोडली जाणार. म्हणजे स्वातंत्र्य नुसतं शिवेवरच्या दगडावर राहणार.

पुंजाराम बैठकीत उठला. सगळ्यांना वाटलं, नाही म्हणेल. पण तो म्हणाला, "जागा देतो. एक गुंठा न्हाई, लागंल तेवढी. पर सरपंचांनी आमच्या घरात यायचं. वट्यावर न्हाई, घरात. बसून चहा घ्यायचा. मग सही."

समाजमंदिरात हशा पिकला. एका चहात टाकी! एवढं स्वस्त तर सांगवीलाही काही मिळालं नव्हतं. सगळे रंगनाथरावांकडे बघायला लागले. ते हसत नव्हते.

"तसं जमणार नाही," ते म्हणाले. "जागा द्यायची तर द्या, नाहीतर नका देऊ. चहाच्या बदल्यात जागा मी घेणार नाही."

"आवो साहेब, चहा म्या द्यायचाय, तुमी न्हाई!" पुंजाराम म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

"तेच तर," रंगनाथराव म्हणाले आणि त्यांनी पुढच्या सोमवारची तारीख दिली.

त्या दिवसानंतर वाडी त्यांच्यावर खवळली. वरची आळीही आणि भीमनगरही. तांबडमाळाच्या इतिहासात दोन्ही बाजू एका मताच्या झाल्या त्या बहुधा पहिल्यांदाच. हंडे डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायका सरपंचांच्या दारासमोर आल्या की मुद्दाम आवाज चढवायच्या. उपसरपंच राहीबाई भारतीताईंना स्पष्टच म्हणाली, "ताई, तुमच्या मालकांना इचारा, त्यांच्या घशात चहा उतरत न्हाई, का आमच्या घरात पानी आलेलं त्यांना बघवत न्हाई?"

भारतीताईंनी घरी येऊन विचारलं. रंगनाथराव पेपर वाचत होते. "नियम आहे," ते म्हणाले. "तुम्ही आता जज्ज नाही!" भारतीताई ओरडल्या. त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि दुसरं पान उघडलं. भारतीताईंना वाटलं, हा पेपर चुलीत घालावा.

रागानं त्या छबूअक्काच्या ओट्यावर जाऊन बसल्या. अक्का शेंगा फोडत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "त्यो पुंजारामच्यात न्हाई जायाचा."

"का?"

"तुला ठावं न्हाई? त्यानं सांगितलं न्हाई कदी?" अक्काचे हात थांबले. "भागुजीकाका त्यांच्यात सालानं हुता. त्याचा कप येगळा असायचा, बाई. दांडी मोडलेला. वळचनीला खोचून ठिवलेला. चहा वरनं वतायचे. पिऊन झाला की काका सोता धुवायचा आन परत खोचून ठिवायचा. रंगा बारका हुता, काकाच्या संगं जायाचा. पुंजारामची आई हाय न्हवं, साळूबाई, तीच वतायची."

भारतीताईंना अशा कपांची गोष्ट नवी नव्हती; त्यांच्या आईच्या गावीही ते होते. नवीन हे होतं, की इतकी वर्षं एका छपराखाली काढून हा माणूस एका शब्दानं बोलला नव्हता. मग मार्थाताईंचं ताट परत गेलं ते नियमानं, की आणखी कशानं? लग्नाच्या पत्रिका, हळदीकुंकवाची बोलावणी, दाराशी येऊन परत गेलेली सगळी माणसं? भारतीताईंना नवऱ्याबद्दल एवढं कुतूहल लग्न ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं. त्या घरी गेल्या आणि जेवताना त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तो डाळीत भात कालवत होता. काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पदर खोचला आणि वरच्या आळीला निघाल्या. त्या काही कधी न्यायाधीश नव्हत्या. त्यांना कुणाच्याही घरी जायला मोकळीक होती.

पुंजाराम रानात गेला होता. साळूबाई पडवीत बाजेवर बसली होती, अंगानं वाळलेली, पण नजर तिखट. भारतीताई आत आल्या तशी तिनं सुनेला हाक मारली, "रेश्मा, चहा टाक." मग भारतीताईंना जवळ बसवून घेतलं आणि न विचारताच म्हणाली, "पुंजाला बोल लावू नगा. त्येनं न्हाई घातली ती अट. टेकाड माझ्या नावावर हाय. अट मी घातलीय."

"तुम्ही? का हो आजी?"

"त्याबिगर यील का त्यो?" म्हातारी म्हणाली. "मी मेल्यावर यील मातीला. आन तितंबी चहा घ्यायचा न्हाई."

भारतीताईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. साळूबाई हसत नव्हती.

"त्याच्या बापाचा कप मी वतायची," ती म्हणाली. "सासूनं सांगितलं, मी केलं. तवा काय वाटत न्हवतं. वाटत हुतं म्हनलं तर खोटं हुईल. सगळेच करायचे. पर त्यो पोरगा हुता न्हवं, बापाच्या मागं उभा ऱ्हायचा आन माझ्या हाताकडं बघायचा. कपाकडं न्हाई, हाताकडं. आता त्यो सरपंच होऊन आला, आन पयल्याच दिवशी पुंजाच्या हातचा चहा त्येनं घेतला न्हाई. तवापासनं मला झोप न्हाई बाई. त्याच्या ध्यानात हाय का ते? त्या पायी त्यो घेत न्हाई का? तुमी बायकू हाय त्याची. तुमाला ठावं असंल."

भारतीताईंना खोटं बोलता आलं असतं. "मलाही तेच जाणून घ्यायचंय," त्या म्हणाल्या.

प्रश्न दोघींचा एकच होता. एकीला जाण्याआधी उत्तर पाहिजे होतं, दुसरीला जगायला. रेश्मानं चहा आणला. तो निवत आला तरी कुणी उचलला नाही, मग भारतीताईंनी उचलला.

घरी येऊन त्यांनी रंगनाथरावांच्या हातातला पेपर काढून घेतला आणि सगळं सांगितलं. कपाचं, हाताचं, झोपेचं. "टाकी राहू दे," त्या म्हणाल्या. "एक म्हातारी तुम्हाला प्रश्न विचारतेय. जन्मभर लोकांना पिंजऱ्यात उभं करून प्रश्न विचारलेत ना? आता तुम्हाला विचारलाय. उत्तर द्यायचं की नाही, बघा."

रंगनाथराव उठले आणि अंगणात गेले. तुळतुळीत झाडलेल्या अंगणात उगाच खराटा फिरवला. मग आत येऊन म्हणाले, "उद्या ग्रामसभा बोलवायला सांगतो."

"आणि?"

"आणि काय? पक्षकाराबद्दल मनात काही असेल तर न्यायाधीशानं ते प्रकरण चालवायचं नसतं. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं."

नोटिशीची मुदत भरली आणि ग्रामसभा भरली. समाजमंदिर पुरलं नाही, लोक दारात आणि खिडक्यांत उभे. टाकीचा विषय आला तसे रंगनाथराव खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "हा विषय माझ्यापुढे नको. उपसरपंच राहीबाई चालवतील." राहीबाईनं घाबरून ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकानं छताकडे पाहिलं.

"आवो, पर का?" गोरक्षनाथानं विचारलं. सगळ्या वाडीलाच ते हवं होतं.

"कारण पुंजारामच्या घराबद्दल मी निष्पक्ष नाही," ते म्हणाले. "मला वाटलं होतं आहे. नाही."

एवढं बोलून ते खुर्ची सोडून खाली आले आणि बायकांच्या रांगेशेजारी सतरंजीवर बसले. कोणी हसलं नाही. पुंजारामची मान खाली गेली होती. काही लोकांना अर्थ कळला आणि काहींना नाही. पण ज्यांना कळला ते सगळे साठीच्या पुढचे होते, आणि ते एकमेकांकडे बघेनात. राहीबाईनं खुर्चीच्या कडेवर टेकून सभा चालवली आणि बरी चालवली. टेकाडाचा ठराव झाला. जागा देणारीचा होकार तेवढा बाकी होता.

सभा संपली तसे रंगनाथराव भारतीताईंना म्हणाले, "चल. आता मी त्या प्रकरणात कुणी नाही. आता जाता येईल."

पुंजारामच्या घरी त्यांना आत नेलं. साळूबाई भिंतीला टेकून बसली होती. रेश्मानं ताटलीतून चहा आणला. सगळे कप एकसारखे, फुलाफुलांचे. रंगनाथरावांनी ते कप पाहिले. भारतीताईंनी त्यांना पाहताना पाहिलं. एका कपावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर नजर गेली, आणि मग त्यांनी जवळचा उचलला आणि प्याले. सगळा प्याले.

"राग हाय का?" साळूबाईनं विचारलं.

पुंजाराम चुळबुळला. "आये, आता कशाला..."

"तू गप. मी त्याला इचारलं."

"आहे," रंगनाथराव म्हणाले.

बाहेर म्हशीनं साखळी ओढल्याचा आवाज आला. रंगनाथरावांनी रिकामा कप खाली ठेवला आणि ते बोलू लागले, साळूबाईशी पण अर्धं स्वतःशी. "न्यायाधीशानं कुणाच्या घरी खायचं-प्यायचं नाही, हा नियम खरा आहे. मी तो कुणाला दाखवायला पाळला नाही. पण तो मला फार सोयीचा पडला, आजी. तो होता म्हणून कुणाच्या दारात माझ्यापुढे कोणता कप येतो, हे मला कधी बघावंच लागलं नाही. लोकांना वाटायचं, केवढा कडक माणूस! मी भ्यायचो. नोकरी संपली, नियम संपला, तरी मी तो धरून बसलो."

भारतीताईंना कीव आली आणि संतापही आला, दोन्ही एकदमच. एवढी वर्षं त्यांनी ज्याला कर्तव्य समजून एकटेपणा सोसला, त्यात एवढी भीती होती, आणि ती त्यांना सांगितली असती तर त्यांनी ती निम्मी वाटून घेतली असती. घरी गेल्यावर हे बोलायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं.

साळूबाई हात पदरात गुंडाळून बसली होती. ती म्हणाली, "माफी मागत न्हाई मी. मागितली तर चार मानसांत तुला द्यावी लागंल. राग ऱ्हाऊ दे, तुजा हाय त्यो. टेकाड मी देते. उद्या अंगठा करते, सांग त्यांना."

"मला सांगू नका," रंगनाथराव दचकून म्हणाले. "मी त्या प्रकरणात नाही. राहीबाईला सांगा."

यावर मात्र म्हातारी हसली, दात नसलेलं तोंड उघडून, आणि पुंजारामही हसला.

दोघं भीमनगराकडे वळले तेव्हा ऊन उतरलं होतं. बातमी त्यांच्याआधी पोचली होती. वाडीत बातमीला चप्पल घालावी लागत नाही. छबूअक्का कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. भारतीताईंना वाटलं, शाबासकी देईल.

"घेतलास म्हनं चहा," ती म्हणाली.

"घेतला, अक्का."

"पुंजारामच्यात पयला."

रंगनाथराव थांबले.

"त्यांच्यात का जात न्हवतास, ते मला कळत हुतं रं," छबूअक्का म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "भागुजीकाकाचा कप मीबी बघितलाय. पर माझ्या दारावरनं रोज जातोस. तुला कडेवर घेतलेला मी. माझ्या कपानं तुझं काय केलं हुतं? ह्या सगळ्या गल्लीनं काय केलं हुतं? पयला चहा तिकडं पिऊन आलास?"

जन्मभर दोन्ही बाजू ऐकून घेतलेल्या माणसानं ही बाजू कधी ऐकलीच नव्हती. त्यांनी भारतीताईंकडे पाहिलं. मदत करावी असं भारतीताईंना मुळीच वाटत नव्हतं.

"चुकलं, अक्का," ते म्हणाले. "खरंच चुकलं. चहा दे."

"चहा न्हाई मिळायचा," छबूअक्का दारातून बाजूला होत म्हणाली. "चहा पावन्यांना देत्यात. भाकरी टाकते. जेवून जायचं."

तांबडमाळाचे राष्ट्रपती चप्पल काढून आत गेले आणि अक्काच्या स्वयंपाकाच्या ओट्याजवळ फरशीवर मांडी घालून बसले. परातीत पीठ पडलं, अक्काचा हात भाकरी थापू लागला, आणि रंगनाथराव तोंडावर रुमाल धरून रडू लागले. चुलीचा धूर म्हणावा, तर अक्काकडे गॅस होता.